चेसिस नंबर

शाळेच्या व्हॅनचं पासिंग आज संपत होतं. उद्या सकाळी गाडी रस्त्यावर आली नाही, तर शाळा सगळी मुलं दुसऱ्या व्हॅनवाल्याला देणार होती. जवळचं तपासणी केंद्र बंद पडलेलं, पुढच्यात फक्त ट्रक घेत होते. विचारत विचारत व्हॅनवाला तिसऱ्या केंद्रात पोचला, तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. हातापाया पडून त्याने गाडी आत घेतली.

ब्रेक, दिवे, टायर ठीक निघाले. मग तपासनीस वाकला. "चेसिस नंबर कुठाय?"

व्हॅनवाल्यानेही वाकून पाहिलं. गाडी नवी दिसावी म्हणून मेव्हण्याने काल सांगाड्याला काळा रंग फासला होता, त्यावर कोरलेल्या नंबरावरसुद्धा.

"नटवून आणलीत, पण ओळखायची कशी?" तपासनीस हसला. "उद्या या."

"उद्या नको हो साहेब! उद्या मुलं जातील माझी."

तो गाडीखाली शिरला आणि किल्लीने रंग खरवडू लागला. बोटं सोलवटली. दोन आकडे उमटले.

"दिसतोय, साहेब! बघा तरी!"

"मशीन बंद केलंय. गाडी बाहेर घ्या."

"घेतो, घेतो," तो खालून म्हणाला आणि तिसऱ्या आकड्यावर किल्ली घासू लागला.