रिमोटमधले सेल

झाकण बसत नव्हतं. दिव्याच्या दांडीच्या बुडाशी असलेलं ते बोटाच्या पेराएवढं पांढरं प्लास्टिक, त्याची एक खुंटी तुटलेली — आणि ती कशी तुटली हे ठाऊक असल्यामुळेच की काय, तो अंगठ्याने ते दाबत होता पण त्याच्याकडे बघत नव्हता, रांगेतल्या पुढच्या पोरीच्या बॅगेला लटकणाऱ्या कापडी सशाकडे बघत होता. आत तीन सेल. दोन टीव्हीच्या रिमोटमधले, एक केबलच्या डब्याच्या रिमोटमधला. म्हणजे आत्ता घरी बायको सोफ्याच्या कडेला बसून रिमोट तळहातावर आपटत असणार. आपटलं की मेलेले सेल जागे होतात अशी त्या घराची श्रद्धा आहे. आपट बाई. आज नाही जागे व्हायचे.

रांग हलत नव्हती. सकाळपासून दुकानात उभं राहून टाचा ठणकायला लागल्या होत्या, आणि इथे परत उभं. चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून म्हणायचं, आता बघा, टोचतंय का कुठे... आणि टोचत असलं तरी लोक नाही म्हणतात, घरी जातात, आणि आठवड्याने येऊन भांडतात. सगळं जग असंच आहे. टोचतंय तेव्हा सांगायचं नाही. त्याच्या वयाची माणसं होती इथे, नव्हती असं नाही, पण ती सगळी कठड्यापलीकडे गाड्यांना टेकून उभी होती. पोरींना सोडायला आलेले बाप. कठड्याच्या अलीकडे, दीडदोन हजार पोरींच्या रांगेत, हातात चकाकणारं दांडकं घेतलेला हा एकटाच.

"काका, सोडायला आलेल्यांनी तिकडे थांबायचं," फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

"तिकीट आहे."

रखवालदाराने तिकीट बघितलं, मग त्याला बघितलं, मग पुन्हा तिकीट. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पांढऱ्या केसांचा संशय घेतला जातोय, हे त्याला कळलं. झडतीत खिशातली छोटी दुर्बीणही निघाली. फार अधू नजरेच्या गिऱ्हाइकांना दुकानात देतात, एका डोळ्याला लावायची, बोटभर लांबीची.

"हे कशाला?"

"मला लांबचं दिसत नाही."

"मग कशाला एवढे पैसे घातले," म्हणत त्याने आत सोडलं.

कशाला घातले? पोरगी येणार आहे म्हणून. बायकोने परवा भाजी निवडताना सांगितलं, त्याला नव्हे, भाजीला सांगितलं — जातेय म्हणे शनिवारी त्या परदेशी गाणाऱ्या पोरांच्या कार्यक्रमाला. बायकोचं पोरीशी बोलणं चालू असतं, न्हाणीघरात, नळ सोडून. त्याला ते माहीत आहे, आणि त्याला माहीत आहे हे बायकोला माहीत आहे, आणि या एवढ्या माहितीवर त्या घराचे दोन उन्हाळे निघाले. पोरगी राहते कुठे, खाते काय, कोणासोबत... विचारायचं नाही असं त्याने ठरवलेलं, आणि कोणी विचारत नाहीये म्हणून सांगायचं नाही असं बायकोने. मग त्याने दुकानातल्या पोराकडून तिकीट काढून घेतलं, भाचीला हवंय म्हणाला. घरी सांगितलं, माल मोजायचाय, उशीर होईल. आणि कपाटात, जुन्या चादरींच्या खाली, बायकोने लपवून ठेवलेला हा दिवा होता, तो उचलला.

जिने संपेचनात. वर, अगदी वर, छताच्या लोखंडी पट्ट्या हाताला लागतील इतक्या वर त्याची खुर्ची. शेजारी दोन पोरी. एकीच्या दातांना तारा, दुसरी तिची थोरली बहीण असावी, कारण धाकटी दर वाक्याला ताई म्हणत होती आणि थोरली दर वाक्याला गप.

"काका, कुणासोबत आलात?"

"मुलगी... खाली बसलीय."

"अय्या, आणि तुम्हाला वर टाकलं?"

"तसंच ते."

तारवाली हसली. मग तिने त्याच्या हातातलं दांडकं बघितलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं, काचेच्या कपाटातली वस्तू बघावी तसं. "ताई, हे बघ. पहिलं मॉडेल." मग त्याला म्हणाली, "काका, हा जुना आहे. याला मोबाइलवरून खुर्चीचा नंबर देता येत नाही. आमचे सगळे आता तिकडून चालतात, स्टेजवरून. ते निळा करतील तेव्हा निळे, गुलाबी करतील तेव्हा गुलाबी. तुमचा आपला पांढराच राहील."

"राहू दे."

"तुमचा आवडता कोण?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. "तो... सैन्यातून परत आलाय तो."

"मोठा! ताई, काकांचा मोठा आवडता आहे." आणि तिने बॅगेतून एक कागदाची पट्टी काढून त्याला दिली. परक्या लिपीत काहीतरी छापलेलं. सहाव्या गाण्याला सगळ्यांनी वर धरायची, आधी अजिबात नाही, त्याला माहीत नाहीये.

त्याला म्हणजे त्या मोठ्याला. हा मनातल्या मनात त्याला शिपाई म्हणायचा. सातही जणांना याने अशीच नावं ठेवलेली. आपण चेहरे नाकापासून वाचतो — चष्मा कुठे टेकेल, दोन बाहुल्यांमध्ये अंतर किती, कुठला कान खाली. पोरगी गेल्यावर त्याने त्यांची गाणी शोधली ती शिव्या द्यायला. दुकानाच्या मागच्या खोलीत, काच घासायच्या मशीनच्या घरघरीत, एका कानात इअरफोन घालून. पण शिवी द्यायची तरी नीट ऐकावं लागतं ना. ऐकता ऐकता कुठल्या ओळीला कोण गातो ते कळायला लागलं, आणि एक दिवस काच घासून झाली, मशीन बंद झालं, तरी तो तसाच बसून राहिला, गाणं संपेपर्यंत. कोणाला सांगणार. लोक दारू लपवतात, याने हे लपवलं.

अंधार झाला. आणि किंकाळी उठली — एक नव्हे, हजारो, पण एकच — आणि खालचं सगळं एकदम निळं झालं. नुसते दिवे. माणसं नाहीतच.

त्याने दुर्बीण डोळ्याला लावली. रिंगणात एका वेळी चारपाच चेहरे मावत. डावीकडून सुरुवात, ओळीने, शिस्तीत, गिऱ्हाइकाला तक्ता वाचायला लावतात तसं. तिला ओळखायला नाक-डोळे लागणार नव्हते. तिचा उजवा कान केसभर खाली आहे. शाळेत असल्यापासून चष्मा तिरका बसायचा, आणि याने दर वेळी दांडी गरम करून, वाकवून, सरळ करून दिला होता. आता कोण करून देत असेल? कोणी देत नसणार. तिरकाच असेल. तिरका चष्मा शोधायचा, बस. सापडला की काय, ते ठरवलं नव्हतं. हाक मारायची? या गदारोळात? का नुसतं बघायचं आणि घरी जाऊन भाजीला सांगायचं, दिसली...

पहिलं गाणं, दुसरं. तिरके चष्मे चिकार होते. एवढी पोरं वेडेवाकडे चष्मे घालून फिरतात आणि यांच्या घरात कोणाला दिसत नाही, त्याला अचानक संताप आला. बाप म्हणवतात. कठड्यापलीकडे गाड्यांना टेकून उभे आहेत.

आणि तू? तू काय केलंस?

त्याची आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि पोरगी चहाचे कप विसळत होती. डोळ्याला पाण्याचा थेंब नाही. लोकांनी बघितलं. कोणीतरी बोललंही, आजीने एवढं केलं हिचं आणि बघा. त्याने ते ऐकलं आणि गिळलं. मग माणसं गेली, घर रिकामं झालं, आणि आठवड्याभराने तो पाणी प्यायला उठला तर पोरगी आजीच्या रिकाम्या खाटेला टेकून जमिनीवर बसलेली, कानात इअरफोन, हातात मोबाइल, त्यावर डोकं भादरलेलं एक पोरगं हात हलवतंय, आणि ही रडतेय. हमसून. नाक गळेपर्यंत. तो सैन्यात चाललाय, बाबा. एवढंच म्हणाली. त्यांच्याकडे प्रत्येकाला जावं लागतं.

माझी आई मेली तेव्हा कुठे होतं हे पाणी? असं तो म्हणाला. आणखीही म्हणाला. मग हा दिवा तिच्या दुसऱ्या हातातून हिसकावला आणि भिंतीवर... खुंटी तुटली ती तेव्हा. सकाळी पोरगी नव्हती.

किती गाणी झाली? कागद फडफडले. तारवालीने त्याला कोपराने ढोसलं. "काका, पट्टी." सगळ्यांनी पट्ट्या वर धरलेल्या, त्यानेही धरली, उलटी, ताईने ती सरळ करून दिली. स्टेजवर आता एकटा शिपाई होता. संगीत थांबलं होतं. तो पट्ट्या वाचत होता, हजारो ठिकाणी लिहिलेलं एकच वाक्य, आणि मग त्याने गायला सुरुवात केली, वाद्याशिवाय, अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये असं.

हे गाणं याने दुकानात मशीनपाशी ऐकलेलं नव्हतं.

पण ऐकलं होतं. कुठे ते कळेना. शब्द कळण्याचा प्रश्न नव्हताच, चालसुद्धा नव्हे, ते दोन ओळींमध्ये श्वास घेणं... आणि मग ती खोली. औषधांचा वास. आई खाटेवर, शेवटचे महिने, कोणाला ओळखत नाही, रात्रभर कण्हते. खाली जमिनीवर पोरगी, तीच तिथे झोपायची, कोणी सांगितलं नव्हतं. तो दाराशी आलेला, कण्हणं थांबलं कसं ते बघायला. एक पांढरी वायर. तिचं एक टोक पोरीच्या कानात, आणि दुसरं वर, खाटेवर, आईच्या कानात. बारीक आवाज गळत होता तिच्यातून, मच्छराएवढा. म्हातारीला हे परदेशी काय कळणार, असं वाटून तो वैतागला होता आणि झोपायला गेला होता. सकाळी विसरला.

हेच गाणं होतं का ते? कोणास ठाऊक. असेल, नसेल. विचारलं असतं तर कळलं असतं.

दुर्बिणीच्या रिंगणात शिपायाचं तोंड होतं. रंगाखाली घाम, कॉलरपाशी ओला डाग. तोंड हसत होतं. खाली बघितलं तर तो एका पायावरून भार दुसऱ्या पायावर देत होता, कोणाला कळू नये इतपत, दिवसभर उभं राहणारी माणसं देतात तसा. याच्याही टाचा दुखतात. गिऱ्हाइकासमोर दाखवायचं नाही म्हणून... आणि एकाएकी त्याला कळलं की दुर्बीण स्टेजकडे आहे. कधीपासून आहे? तो तिरके चष्मे शोधत होता ते तिसऱ्या गाण्यापर्यंत, चौथ्या... त्यानंतर त्याने तिला शोधलंच नव्हतं. पोरीसाठी आलो आणि पोरगी विसरून बसलो. त्याला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण लाजेच्या बाजूने दुसरंही काहीतरी वर येत होतं, आणि त्याचं नाव त्याला घेता येईना.

"ओ काका," मागून कोणीतरी, "तेवढा बंद करा ना तो. सगळं गुलाबी आहे आणि तुमचा मधेच एक पांढरा दिसतो. व्हिडिओ खराब होतो."

"असू दे ना गं," ताई मागे वळून म्हणाली. "पहिलं मॉडेल आहे ते. तुझा जन्म झाला होता का तेव्हा?"

त्याने खाली बघितलं. खरंच, सगळं गुलाबी. हजारो दिवे, कोणाच्या तरी एका बोटावर चालणारे, आणि त्यात आपला हा एक हट्टी, पांढरा. ती खाली कुठेतरी असेल तर तिला दिसत असेल. मान वर केली तर. दिसला तर म्हणेल, कोणीतरी जुनं माणूस आलंय, अगदी पहिल्यापासूनचं. हसेल जरा. बाप असेल असं सात जन्मात तिच्या मनात येणार नाही. आलं तर? तर ती बघेल का, की तोंड फिरवून घेईल...

खिशात मोबाइल थरथरला. बायको.

येताना सेल आण. दोन्ही रिमोटचे.

आणि त्याखाली, तो वाचत असतानाच उमटलं: दिसली का?

म्हणजे भाजी निवडताना ती भाजीशी बोलत नव्हती. हो लिहावं तर खोटं. नाही लिहावं तर तेही धड खरं नव्हतं, कारण ज्याने शोधलंच नाही त्याने नाही म्हणू नये, आणि ती वायर, ते दारातलं उभं राहणं, ते दिसलं नाही असं तरी कसं म्हणायचं... मोबाइल आपोआप विझला. तसाच त्याने खिशात घातला.

पुढचं गाणं सुरू झालं होतं, धडाक्याचं, खुर्च्या हादरत होत्या. सगळे उभेच होते. तोही उभा होता, आणि टाचा दुखतच होत्या. त्याच्या हातातला दिवा एकदा मिणमिणला, पिवळट झाला. रिमोटचे सेल, किती टिकणार. त्याने तो तळहातावर आपटला. उजळला. पुन्हा मंदावला, पुन्हा आपटला. सेलसाठीच, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि तारवाली त्याच्याकडे बघून मान डोलावत होती, तिला वाटलं असेल की काका तालात आलेत, तर वाटू दे, आता कोणाला समजावत बसणार... तो आपटत राहिला, न बघता, अंधारात खाली तोंड करून, आणि मधल्या एका ठोक्याला दिवा चांगला उजळलेला असतानाही त्याचा हात आपटायचा थांबला नाही.