गाणारी बाई आधी कुणाची

जुळे सोलापुरातल्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पद्धत पडून गेली होती. कार्यक्रमाची सूचना आली की खाली प्रत्येकीने आपली खूण टाकायची. नुसती साथ करणारीने टाळ्या वाजवणारे हात, आणि पुढे बसून गाणारीने माइक धरलेली गाणारी बाई. आता त्या बाईचे केस जांभळे, तोंडाला रंग फासलेला, पदराचा तर पत्ताच नाही. दत्ताच्या देवळात ती खरोखर आली असती तर पुजाऱ्याने चपला काढायच्या आधीच तिला वाटेला लावली असती. पण फोनमध्ये गाणारीण म्हणून तीच मिळाली, म्हणून मंडळाने तिलाच आपली म्हटली.

जिची गाणारी बाई आधी पडेल तिने गायचं, असा नियम होता. सूचना टाकायच्या अध्यक्ष इंद्रायणीताई. त्या सूचना आणि गाणारी बाई एका दमात टाकत. बाकीच्यांना चष्मा सापडेपर्यंत निवडणूक आटोपलेली असे.

प्रभाताई वर्षानुवर्षं टाळ्यांचे हात टाकत आल्या होत्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांची एकच हौस उरली होती, एकदा तरी पुढे बसून गायची. या दत्तजयंतीला त्यांनी चंगच बांधला. सकाळपासून गाणारी बाई तयार ठेवून, एका हातात झारा आणि दुसऱ्यात फोन घेऊन त्या गॅसपाशी उभ्या होत्या. इंद्रायणीताईंचा मेसेज आला रे आला, यांनी न वाचता बोट दाबलं.

मग चष्मा लावला. मेसेज होता, ‘माझा आवाज पार गेला आहे. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केली आहे. दत्तजयंतीला मी गाणार नाही.’ आणि त्याच्याखाली जांभळ्या केसांची ती सटवी माइक धरून हसत होती.

“अहो, मेले मी!” प्रभाताई ओरडल्या आणि घाईघाईने मेसेज पुसून टाकला. “पुसला बाई एकदाचा.”

यज्ञेश्वररावांनी पेपर खाली ठेवून फोन बघितला. “अगं, तुझ्यापुरता पुसलास की. बाकी सगळ्यांना दिसतोय.”

तेवढ्यात ग्रुपवर मंडळातल्या शिवलीलाने डोळे वटारलेला चेहरा टाकला.

कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही या सवयीने प्रभाताईंनी शेंगाचटणीची बरणी उचलली आणि त्या इंद्रायणीताईंकडे निघाल्या. घसा बसलेल्या बाईला तिखट कशाला, हे सांगायला यज्ञेश्वरराव गॅलरीत येईस्तोवर त्यांची रिक्षा कोपऱ्यावर वळली होती.

दार इंद्रायणीताईंनीच उघडलं. गळ्याला मफलर, चेहरा नेहमीसारखाच अध्यक्षांचा. प्रभाताईंनी उंबऱ्यातच सगळं ओकून टाकलं. “मी वाचलंच नाही हो ताई! मला वाटलं सूचना आलीय. तुमच्या आजारावर टपून बसले नव्हते मी, देवाशप्पथ!” डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

इंद्रायणीताईंनी बरणी घेतली, झाकण उघडून वास घेतला, सुस्कारा सोडला आणि ती वरच्या फळीवर ठेवून दिली. मग फोन काढून काहीतरी टाइप केलं. प्रभाताईंच्या पर्समध्ये फोन वाजला.

ग्रुपवर दत्तजयंतीची सूचना आली होती. खाली काहीच नव्हतं.

प्रभाताई बघतच राहिल्या. बोट उचलेना. इंद्रायणीताईंनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा टाइप करून स्क्रीन त्यांच्या नाकासमोर धरली. ‘टाका की लवकर. शिवलीला टाकेल.’

प्रभाताईंनी गाणारी बाई टाकली. तिच्याखाली लगेच इंद्रायणीताईंचे टाळ्यांचे हात आले.

“ताई, तुम्ही मागं बसणार?”

इंद्रायणीताईंनी मान डोलावली आणि आणखी लिहिलं. ‘पण सुरुवात खालून धरा. दुसऱ्या कडव्याला तुम्ही नेहमी चढता.’

प्रभाताईंनी ते दोनदा वाचलं. मागच्या रांगेत, ढोलकी आणि टाळांच्या गदारोळात, आपला आवाज आपल्यालाही कधी धड ऐकू आला नव्हता. आणि ही बाई इतकी वर्षं पुढे बसून तो ऐकत होती.