सासूबाई उपाशी आहेत

केबिनमास्तरांनी भिंतीतला तिसरा स्मार्ट प्लग उपटला आणि सोफ्यावर भिरकावला. तो उशीवर आपटून जमिनीवर घरंगळला, आणि त्याच क्षणी मुलीच्या फोनमधून टुणकन आवाज आला.

"फिल्टर बंद पडला," मुलगी फोनकडे बघत म्हणाली.

"पडला नाही, मी पाडला. हे नाही कळत तुझ्या यंत्राला?"

रेल्वेच्या सिग्नल केबिनीत हयात घालवलेला हा माणूस. त्यांचा राग गाड्यांपेक्षा वेळेवर येई. एकदा त्यांनी खिडकीतून नुसते डोळे वटारले आणि अख्खी मालगाडी मागे सरकली, असं सांगतात. त्या गाडीचा ड्रायव्हर ही गोष्ट साफ नाकारतो. पण नाकारताना तोही दोन पावलं मागे सरकतो.

निवृत्तीनंतर आणि बायकोच्या माघारी घरात उरले होते ते स्वतः, आयसीयूत सिस्टर असलेली मुलगी, आणि बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी. टाकीत एकच मासा. काळपट, चपटा, ओठ मुडपलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तो असा बघे, की मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव सासूबाई ठेवलं होतं.

मुलीला आता दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. जाण्याआधी टाकीची सोय लावायची म्हणून तिने खोकं भरून उपकरणं आणली होती. हीटरला एक प्लग, दिव्याला दुसरा, फिल्टरला तिसरा, पाणी कमी झालं की भरणारा छोटा पंप, खाणं टाकणारी फिरती डबी. प्रत्येकाचं डोकं स्वतंत्र.

"ह्यातला कोणी कोणाशी बोलत नाही," मास्तर गरजले. "पाणी उतरलं तरी हीटर आपला तापतोय! फुटला म्हणजे? माझ्या केबिनीत रुळांचा सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल देताच येत नसे. सगळे खटके एकमेकांत अडकवलेले. मला एकच कंट्रोलर हवाय. सगळ्यांच्या शेंड्या एका हातात."

"आणि तोच डबा मेला म्हणजे? आमच्याकडे पेशंटच्या उशाशी प्रत्येक यंत्र वेगळं असतं, बाबा. एक बंद पडलं तरी बाकीची चालतात. तुमचा एक डबा गेला की दिवा, हीटर, पंप, सगळ्यांनी एकदम माना टाकायच्या!"

"माझी केबिन कधी बंद पडली नाही."

"केबिन नाही पडली. तुम्ही पडलात."

मास्तरांनी चौथ्या प्लगकडे गेलेला हात मागे घेतला आणि चष्मा पुसायला काढला. मागच्या महिन्यात ते न्हाणीघरात घसरले होते. दाराला आतून कडी, शेजाऱ्यांनी दार फोडलं, आणि मुलीला ते शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं. मास्तरांनी त्या प्रकाराला 'जरा बसलो होतो' असं नाव दिलं होतं.

"ठीक आहे," मुलगी अचानक म्हणाली. "आणा तुमचा कंट्रोलर."

मास्तर जिंकले, पण घास गोड लागेना. ही पोरगी जन्मताना रडायलासुद्धा डॉक्टरांशी वाद घालून मग रडली होती. ती एवढ्यावर ऐकते म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

मुरत होतं ते दुसऱ्या दिवशी सापडलं. मुलगी शेवटच्या ड्युटीला गेली होती आणि शोभेच्या माशांचा दुकानदार कंट्रोलर बसवायला आला होता. हीटर, दिवा, फिल्टर, पंप, सगळ्यांच्या वायरी त्याने एका काळ्या डब्यात नेऊन बसवल्या. पाणी उतरलं की हीटर आपोआप गप्प होतो हे मास्तरांनी स्वतः तांब्याने पाणी उपसून पाहिलं, आणि लहान मुलासारखं पुन्हा पाहिलं. फिरती डबी मात्र बाजूलाच राहिली.

"ही राहिली की."

"ती वेगळीच ठेवायचीय, काका. ताईंनी सांगितलंय. तिचं बटण रोज सकाळी तुम्ही दाबायचं."

"का? ही आपोआप फिरते ना?"

"फिरते. पण ताईंनी ते बंद करून घेतलंय. तुम्ही दाबलं की त्यांना कळतं. नाही दाबलं की..." दुकानदाराला आपली जीभ जरा लांब गेल्याचं उमगलं. पण मास्तरांच्या डोळ्यांसमोर मालगाड्या टिकल्या नव्हत्या, तो बिचारा काय टिकणार? "नाही दाबलं की त्यांच्या फोनवर भोंगा वाजतो."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. सासूबाईंनी ओठ आणखी मुडपले. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं असं ते तोंड होतं.

मुलगी घरात शिरली तेव्हा मास्तर उंबऱ्यापाशीच उभे होते. तिने अजून चप्पलही काढली नव्हती.

"मी मासा आहे का?"

तिने दुकानदाराकडे पाहिलं. तो पेचकस पिशवीत भरू लागला.

"बोल ना! म्हातारा जिवंत आहे की नाही, ते माशाच्या खाण्यावरून मोजणार? सरळ विचारायला तोंड नव्हतं?"

"विचारलं की तुम्ही काय सांगता? 'जरा बसलो होतो!'" तिने खांद्यावरची पर्स टेबलावर आदळली. "तुम्ही त्या फरशीवर किती वेळ होतात? मला अजून सांगितलं नाहीत. शेजारचे काका म्हणाले, हाक मारली तर ओ देत नाहीत. बस्स, एवढंच म्हणाले आणि फोन कट. मग कोणी उचलेना. हॉस्पिटल ते घर, मी तशीच आले. तशीच, बाबा. पेशंटच्या घरची माणसं कशी येतात ते मी रोज बघते. त्या दिवशी मी तशी आले."

"म्हणून माझ्यावर पहारा?"

"हो! पहारा! काय करायचं ते करा!"

दुकानदार दाराकडे सरकला. मास्तरांनी वळून न बघता त्याला बोटाने जागच्या जागी उभा केला.

"माझ्या केबिनीतून पुढच्या केबिनीला घंटा दिली," ते दात आवळून म्हणाले, "की पुढच्याने परत घंटा द्यायची. ती आली तरच गाडी सोडायची. साहेब समोर येऊन नाचला तरी नाही सोडायची. एकाच बाजूने वाजते ती घंटा नसते, तो हुकूम असतो. मी हुकूम ऐकणार नाही. तू तिकडे परक्या गावात रात्र-रात्र उभी राहणार, जेवणार की नाही, खोलीवर पोहोचणार की नाही, ते मला कुठला मासा सांगणार?"



मास्तर दुकानदाराकडे वळले. "ही डबीपण कंट्रोलरला जोड. मी बटण दाबलं तरी हिने तिकडून दाबेपर्यंत फिरायला नको. जमतं?"

"जमतं, काका. पण मासा उपाशी..."

"राहू दे. घरचाच आहे तो."

"बसवा!" मुलगी दुकानदारावरच ओरडली. "बसवा म्हणतात तर बसवा! बघू कोण आधी चुकतं ते."

अशी ती गेली, रागातच. बस सुटेपर्यंत दोघं एकमेकांच्या चपलांकडे बघत होते.

नंतर रोज सकाळी मास्तर बटण दाबत, आणि चहाला उकळी फुटायच्या आत डबी फिरे. बोलणं मात्र बंदच. दोघांपैकी कोणी फोन करेना. वाकायचं कोणी, हा प्रश्न होता, आणि दोघांच्या कण्यात एकाच कारखान्याचा रूळ होता.

मग एका सकाळी त्यांनी बटण दाबलं आणि डबी फिरलीच नाही.

चहा उकळला, उतू गेला. मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. "मुद्दाम करते," ते सासूबाईंना म्हणाले. त्यांनी शेगडी पुसली. खिडकीशी जाऊन आले. ऊन सोफ्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी कंट्रोलरच्या सगळ्या वायरी चाचपल्या. सगळ्या घट्ट होत्या. मग फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. हॉस्पिटलचा नंबर कधी मागूनच घेतला नव्हता. एक पाय चपलेत घालून ते दारात उभे राहिले, आणि जायचं कुठे ते त्यांना सुचेना. आयसीयू कुठल्या मजल्यावर, तेसुद्धा त्यांनी विचारलेलं नव्हतं.

मागे खर्र झालं. डबी फिरली. दाणे पाण्यावर पसरले आणि सासूबाईंनी तोंड न उघडता बघून घेतलं.

लगेच फोन वाजला.

"बाबा, सॉरी. एक पेशंट हातात होता, फोन लॉकरमध्ये. आत्ता सुटले." ती धापा टाकत होती. "तुम्ही घाबरलात का?"

"मी? मी कशाला घाबरतो? सासूबाईंनी जरा मनाला लावून घेतलं."



"सांगा त्यांना," ती म्हणाली, "मलाही त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत असंच झालं होतं."

मास्तरांनी उत्तरासाठी राग शोधला. एरवी हाताशीच असायचा. आज कुठे ठेवला ते आठवेना. ते तिथेच, एका पायात चप्पल घातलेले, दारात खाली बसले.

"पाऊण तास," ते म्हणाले. "त्या फरशीवर. शुद्धीत होतो सगळा वेळ. हाका ऐकू येत होत्या, ओ द्यायची लाज वाटली."