पुलापलीकडं गेलेल्या ताराबाई

मी एक जुनी मोपेड बोलतेय. तंजावूरजवळच्या तिरुवैयारूच्या एका गल्लीत, कडुनिंबाखाली उभी आहे. मला न्यायला आज भंगारवाले सांबशिव येणार आहेत. ते येईपर्यंत ताराबाईंबद्दल सांगते. त्यांना जाऊन वीस दिवस झाले.

मला आणलं त्यांच्या यजमानांनी, शेषगिरींनी. ते माझ्यावरून तंजावूरच्या कचेरीत जात. एक दिवस ते छातीत कळ येऊन गेले आणि मी वर्षभर धूळ खात पडले. मुलगा गणेशकुमार म्हणाला, "अम्मा, ही विकून टाकू."

"विकू नको. मी शिकते."

"ऐयो! पंचावन्न वर्षं झाली तुला!"

"मग? गाडी काय वय विचारते?"

नदीकाठच्या वाटेवर त्या शिकल्या. नात हरिणी माझा कॅरिअर धरून मागं धावायची. दोनदा आम्ही केळीच्या बागेत शिरलो. दुसऱ्यांदा ताराबाईंनी स्वतःच्या गुडघ्याआधी माझा आरसा पाहिला. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

गणेशकुमारनं एकच अट घातली: गावातच चालवायची, नदीच्या पुलापलीकडं नाही. ताराबाईंनी ती तीन वर्षं पाळली. भाजी आणली, देवळात गेल्या, शेजारच्या शांभवीला ताप आला तेव्हा तिला मागं बसवून दवाखान्यात नेलं.

मग हरिणीची बारावीची परीक्षा आली. त्या दिवशी गणित होतं, केंद्र तंजावूरला. गणेशकुमार सकाळीच पापनाशमला कामावर गेला होता. नऊच्या सुमारास हरिणी बसस्टँडवरून धापा टाकत परत आली. उसाची लॉरी पुलाच्या तोंडाशी उलटली होती. बस नाही, ऑटोही नाही. जेमतेम दुचाकी निघेल एवढीच वाट होती.

ती पायरीवर बसून रडू लागली. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात असलेल्या या घरातलं मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलायची ती तमिळच; आजीला पाट्टी, वडिलांना अप्पा. ताराबाईंनी पदर कमरेला खोचला.

"ऊठ. बस मागं."

"पाट्टी, अप्पा रागावतील!"

"संध्याकाळी रागावेल. पेपर आत्ता आहे."

लॉरीच्या कडेनं आम्ही निसटलो. पुढं तंजावूरपर्यंत नद्यांवरचे एकामागून एक पूल. शेजारून मोठ्या गाड्या गेल्या की मी हलायचे. ताराबाईंचे तळवे घामानं ओले झाले होते, माझं हँडल निसटत होतं. तिसऱ्या पुलावर त्या थांबल्या, पदरानं हात पुसले आणि पुन्हा निघाल्या. हरिणी पोचली तेव्हा फाटक बंद होत होतं. ती आत धावली. ताराबाई बाहेर तीन तास माझं हँडल धरून उभ्याच राहिल्या.

संध्याकाळी गणेशकुमार गरजला, "पुलापलीकडं नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस. मी मोडलं."

तो दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र माझे दोन्ही टायर नवे घालून आणले.

पुढं ताराबाईंची नजर कमी झाली. एका दुपारी वासरू अगदी जवळ येईपर्यंत त्यांना दिसलंच नाही. त्या मला ढकलत घरी आल्या आणि किल्ली मुलाच्या हातात ठेवली. "आज वासरू होतं, उद्या कुणाचं लेकरू असेल." किल्ली कुणी मागितली नव्हती. तरी दर शुक्रवारी ओल्या फडक्यानं मला पुसायच्या, माझ्याशी मराठीत बोलायच्या. यजमान गेल्यावर घरात तेवढं मराठी बोलायला दुसरं कोण होतं?

सांबशिव आले. गणेशकुमारनं माझ्या सीटवर हात ठेवला. "आमची अम्मा कशाला म्हणून भिली नाही."

चेन्नईहून आलेली हरिणी दारात उभी होती. ती मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "नाही अप्पा. ती लई भिली होती. मी मागं बसले होते."

गणेशकुमार तिच्याकडं वळला. "तिनं मला नाही सांगितलं कधी."

"तुम्ही नाही विचारलं कधी."

तो पायरीवर बसला. हरिणी सांगू लागली, मराठीत अडखळत, अडलं की तमिळमध्ये. सांबशिवही कॉफीचा टंबलर घेऊन तिथंच टेकले.

मला नेलं तरी आता वाईट वाटणार नाही. तुमच्या घरातही अशी कुणी असेल, तर ती असतानाच तिला विचारा, एवढंच माझं मागणं. बघा, गणेशकुमार लहान मुलासारखा पुन्हापुन्हा विचारतोय, "मग? मग काय केलं तिनं?"