पळण्याचा खाडा

या, बसा इथं. एक गोष्ट सांगतो. ऐकून डोकं फिरेल तुमचं, माझं तर फिरलेलंच आहे.

आमच्या टिटवाळ्याच्या बिल्डिंगमध्ये गुरुदत्तभाऊ राहतात. ठाण्याला कोर्टात नोकरी, शिकला-सवरलेला माणूस. पोरगी क्षिप्रा पोलीस भरतीची तयारी करते. भरतीत पोरींना आठशे मीटर पळायचं असतं. तर बापाने सकाळ-संध्याकाळ पळायला लावली. भिंतीवर कॅलेंडर, रोजची लाल फुली.

"चौऱ्याण्णव दिवस झाले, एक खाडा नाय!" जिन्यात भेटेल त्याला सांगायचे.

आणि पोरीचं टायमिंग? तीन मिनिटं पाच सेकंदांवरून तीन पंचवीसवर गेलं! मग यांनी काय केलं? अजून दोन फेऱ्या वाढवल्या! अरे, रिक्षा तापली तर रिक्षावाला पण बाजूला लावतो!

पोरगी जेवेना, सारखी सर्दी, काही बोललं की अंगावर यायची. बाप म्हणे, "नाटकं आहेत."

एका सकाळी ती मैदानात मध्येच बसली. तिथं मंदाकिनीबाई फिरायला येतात. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांनी पोरीला पाणी पाजलं आणि सरळ तिच्या घरी घेऊन आल्या.

"झोप लागते का गं?"

"नाही बाई."

"सकाळी उठल्या उठल्या नाडी?"

"आधी साठ लागायची. आता ऐंशीला जाते."

"आणि पाळी?"

क्षिप्राने मान खाली घातली. "तीन महिने नाही आली."

तिची आई, सुमतीवहिनी, हळूच म्हणाल्या, "मला माहीत होतं. वाटलं, बरंच झालं, पळायला अडचण नाही."

बरंच झालं! आता काय बोलायचं सांगा!

बाई भडकल्या. "अहो गुरुदत्त, पळण्याचा खाडा मोजलात, पाळीचा खाडा कोणी मोजायचा?"

"पण बाई, भरती दोन महिन्यांवर आलीय! आत्ता बसली तर वर्ष गेलं तिचं!"

"पळून ताकद येत नाही हो, खर्च होते. ती भरून येते जेवणात, झोपेत. तुम्ही भरायला वेळच देत नाही!"

"बाबा," क्षिप्रा म्हणाली, "मला आता मैदान दिसलं तरी रडू येतं."

तेव्हा कुठे बापाने पोरीकडे नीट बघितलं. डोळे खोल गेलेले, मनगटं काडीसारखी. "माझंच चुकलं गं," म्हणाले.

मग पोरीला दवाखान्यात नेली, डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, मेहनत दुप्पट आणि खाणं निम्मं चाललंय, म्हणून पाळी थांबलीय. तीन आठवडे पळणं बंद. पहिल्या दिवशी पोरगी दुपारी गाढ झोपली आणि भाऊ गॅलरीत येरझाऱ्या घालतायत, जसं काय आत बाळंतपण चाललंय! नंतर हळूहळू सुरुवात केली. आठवड्यातून दोन दिवस सक्तीची सुट्टी.

भरतीला तीन मिनिटं चार सेकंदांत आली. लिस्ट अजून लागायचीय. पण पाळी आली ना, त्या दिवशी सुमतीवहिनींनी शिरा केला!

तर बाबांनो, आराम म्हणजे आळस नाही, तो पण सरावच आहे. शरीर ओरडून सांगतं, आपणच त्याला नाटकं म्हणतो.

आता माझं एक ऐका. तुमचं पोर मैदानावरून आलं की टायमिंग नंतर विचारा. आधी विचारा, झोप लागली का रे, भूक लागते का. आणि पोरगी असेल तर पाळीचं पण विचारा, लाजू नका. आजच विचाराल ना?