मुंगीच्या आजोबांचा दर

होकार की नकार, ते सोमवारी सकाळपर्यंत कळवायचे होते, आणि रविवारचा दुसरा चहा झाला तरी जेवणाच्या टेबलावर दोन शहरांची तुलना संपत नव्हती. नवरा लॅपटॉपवरून एकेक बाब वाचून दाखवी, बायको दोन्हीकडचे आकडे सांगे, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे सासरे नातीबरोबर रंगीत कागदाचे मासे कापत बसले होते. नात चार वर्षांची. साखरेचा डबा कुठेही लपवा, ती बरोबर तिथे पोचे, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

"पावाची लादी झाली, दूध झालं, बसचा पास झाला," नवरा म्हणाला. "आता दोन माणसांचं बाहेरचं जेवण. मध्यम दर्जाचं हॉटेल, तीन पदार्थ. इकडे किती टाकू?"

"मध्यम दर्जाच्या हॉटेलात आपण शेवटचं कधी गेलो होतो?"

"मुंगी पोटात होती तेव्हा. तिन्ही पदार्थ तू एकटीनेच संपवलेस."

"मग शून्य टाक."

"आणि तिकडे?"

"तिकडेही शून्य. विमानातून उतरल्याबरोबर आपण काय राजे होणार आहोत?"

ती कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करत असे. तुटलेल्या पायाच्या उरलेल्या भागाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, तो घासून आकाराला आणायचा, त्यावर तापवलेले प्लास्टिक ओढायचे, आणि मग माणूस उभा राहिला की कुठे टोचते, कुठे रुतते, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. मोठ्या माणसांचे निभावून जाई. तिला झोप लागू देत नसत ती लहान मुले. मुले वाढतात आणि पाय वाढत नाही. वर्षभरात तो आखूड पडे, मूल लंगडू लागे, आणि नव्या पायासाठी आईबाप परत येतीलच असा भरवसा नसे. परदेशातल्या एका रुग्णालयाने मुलाबरोबर लांबवता येणारे पाय बनवायला सुरुवात केली होती, आणि तिथल्या कार्यशाळेने तिला पत्राने बोलावले होते. ते पत्र तिने इतक्या वेळा वाचले होते की आता ते न उघडताही तिला दिसे.

अडचण एकच होती. नवरा शाळेत संगीत शिकवीत असे, आणि तिकडच्या शाळेत उभे राहायचे तर त्याला आधी वर्षभराचा अभ्यासक्रम करावा लागणार होता. तेवढे वर्ष तिच्या एकटीच्या पगारावर काढायचे होते.

"घरभाडं," नवऱ्याने वाचले. "इकडे शून्य, घर बाबांचंच आहे. तिकडे..." त्याने आकडा टाकला आणि घाईने पुढे सरकला. "व्यायामशाळेची वर्गणी. शून्य. मी मुळातच सुंदर आहे. पाळणाघर. इकडे शून्य. तिकडे..."

या वेळी त्याला पुढे सरकता आले नाही. पाळणाघराचा आकडा तिच्या पगाराचा जवळजवळ अर्धा भाग गिळून बसला होता. त्याने बेरीज केली. इकडे महिनाअखेर चार पैसे उरत होते. तिकडे, इतका मोठा पगार घेऊनही, दरमहा खड्डा पडत होता.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

त्याने पुन्हा केली. खड्डा तसूभरही बुजला नाही.

"झालं तर मग," ती म्हणाली. आवाज साधा ठेवायचा तिने प्रयत्न केला, आणि तो फारच साधा लागला. "नाही म्हणून कळवते."

सासऱ्यांनी कात्री खाली ठेवली.

"जरा इकडे फिरव ते यंत्र."

सासऱ्यांचे आयुष्य एका बांधकाम कंपनीत अंदाजपत्रके करण्यात गेले होते. कागदावर घर उभे राहण्याआधी त्यातली वीट, वाळू, बिजागरी, परांचीला बांधायचा दोर, सगळ्याला दर लावायचा, हे त्यांचे काम. दर नसलेली ओळ दिसली की त्यांना जेवण गोड लागत नसे. स्वतःचे घर बांधायला निघालेली माणसे त्यांच्याकडे येत आणि हटकून म्हणत, "रंगकाम धरू नका, आमचा मेहुणा फुकट करून देणार आहे." ते मान डोलवीत आणि मेहुण्याची मजुरी गुपचूप लिहून टाकीत. का, असे कुणी विचारले तर म्हणत, "मेहुणा रुसला म्हणजे? भिंत काय तशीच ठेवणार?"

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि रकाने वरून खाली तपासले.

"पाळणाघर इकडे शून्य कसं?"

"बाबा, तुम्ही आहात ना," मुलगा म्हणाला.

"मी आहे म्हणून शून्य?"

सुनेच्या हातातला कप तसाच राहिला. कुणीतरी भर सभेत आपली चोरी पकडावी तसे तिला झाले. पण सासरे रागावलेले दिसत नव्हते. जुन्या कारागिराला दुसऱ्याच्या कामातली चूक सापडली की जो उत्साह येतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"कागद दे. मुंगी, पेन्सिल. आता, काम कुशल धरायचं की अकुशल?"

"बाबा, राहू द्या हो," ती म्हणाली.

"अकुशल धरू, वाद नको. सूनबाई बाहेर पडते तिथपासून परत येईपर्यंतचे तास. भरवणं, न्हाऊ घालणं, बागेत नेणं, बागेतून ओढत आणणं. ओढत आणण्याला जड कामाचा दर. आता वजावट. दुपारी मला डुलकी लागते, तेवढे तास कमी."

"तेव्हा मी आजोबांकडे लक्ष ठेवते," मुंगी म्हणाली.

"बरोबर. त्याची मजुरी वेगळी, एक बिस्कीट. आणि एकूण रकमेवर कंत्राटदाराचा नफा, दहा टक्के."

"आजोबांनी नफा घ्यायचा?" मुलगा हसू लागला.

"नफा न घेणारा कंत्राटदार काम अर्धवट टाकून पळतो. हा घे आकडा."

मुलाने आकडा पाहिला आणि त्याचे हसू विरले. "बाबा, हे माझ्या पगारापेक्षा जास्त आहे!"

"मग? मी तुझ्यापेक्षा गातोही बरा."

ते गाऊ लागले की शेजारी खिडक्या लावून घेत, हे घरात सर्वांना ठाऊक होते. तिलाही हसू आले. हसता हसता ती म्हणाली, "पण बाबा, हे पैसे आम्ही तुम्हाला देतो कुठे? कागदावर मांडले म्हणून तिकडचं पाळणाघर काही स्वस्त होत नाही."

"नाही होत," सासरे शांतपणे म्हणाले. "पण तुमचं इकडे भागतं ते कशावर, ते दिसतं की नाही? पगारावर भागत नाही. मी भर घालतो म्हणून भागतं. ती भर इकडेच घालायची, असा काही करार झालाय का? दुसरं शून्य बघ. घरभाडं. वरच्या दोन खोल्या तुम्ही गेल्यावर रिकाम्याच ना? त्या भाड्याने जातील. येणारं भाडं वर्षभर तुमचं. आता कर बेरीज."

मुलाने बेरीज केली. खड्डा भरून वर थोडेसे उरले.

"इतकं भाडं कुणी देईल का पण?" त्याने विचारले.

"बोली झालीय. नवराबायको आहेत, दोघंही डाकखात्यात. माणसं नीटनेटकी वाटली. नळ वाजतो म्हणाले, तो दुरुस्त करून देणार आहे."

"तुम्ही खोल्या दाखवल्यात? कधी?" सुनेने विचारले.

"पत्र आलं त्याच आठवड्यात. तू कामावर होतीस."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो." ते कागदाच्या माशाला शेपटी चिकटवू लागले. "तुम्ही शून्य लिहून मोकळे झालात."

ते त्यांनी टोमण्यासारखे म्हटले नव्हते, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागले. तिला आठवले, मुंगीच्या जन्मानंतर ती पहिल्यांदा कामावर गेली तो आठवडा. बाळ बाटली तोंडात घेईना. तेव्हा हा माणूस रोज दुपारी, भर उन्हात, बाळाला छातीशी धरून कार्यशाळेच्या फाटकाशी येई. पहारेकऱ्याच्या खोलीत ती बाळाला पाजी आणि ते दाराबाहेर पाठ करून उभे राहत, आतून हाक येईपर्यंत. बाळ बाटलीने प्यायला लागले तेव्हा त्यांचे येणे थांबले, आणि त्याबद्दल घरात कुणी कधी अक्षर काढले नाही. तिनेही नाही. घरातल्या नळाचे कुणी आभार मानत नाही, तसे ते राहून गेले होते.

"बाबा," ती म्हणाली, "या कागदावर तुमच्या बाजूला काय उरलं?"

"ते यात येत नाही. तो मालकाचा खासगी खर्च."

त्यांनी मुंगीच्या केसांना लागलेला डिंक नखाने खरवडून काढला. 

"मी आजवर हे काम करू शकले ते तुमच्यामुळे," ती म्हणाली. शब्द तोंडातून निघताना तिला अनोळखी वाटत होते, पण तिने ते अर्ध्यावर सोडले नाहीत. "त्या फाटकाशी तुम्ही उभे राहिला नसतात तर मी तेव्हाच सोडून दिलं असतं. मी हे कधी बोललेच नाही. गृहीतच धरलं तुम्हाला."

सासरे गोंधळले. दगडमातीचे मोल तोंडपाठ असलेल्या माणसाला हे कुठे ठेवावे ते सुचेना. "अगं, त्यात काय," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "बरं वाटलं ऐकून."

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. होकाराचे पत्र लिहायला फार वेळ लागला नाही. पाठवण्याआधी ती पुन्हा त्या रकान्यांकडे वळली. तिकडच्या बाजूला, पावाच्याही वर, तिने एक नवी ओळ घातली: बाबांचे येण्याजाण्याचे तिकीट, वर्षातून एकदा. समोर रक्कम टाकली. उरलेले थोडेसे जवळजवळ सगळे त्यात गेले.

"हा कसला फाजील खर्च?" सासरे वाकून म्हणाले. "काढून टाक. पहिल्याच वर्षी तोट्यात याल."

"नाही काढणार."

"अरे, सांग हिला."

"मी कशाला सांगू?" मुलगा म्हणाला. "मला तर हे तिकीट स्वस्तच वाटतंय."

आजोबा येणार म्हणून मुंगी खुर्चीवर चढून नाचू लागली. सासऱ्यांनी तिला कमरेला धरून खाली उतरवले आणि बराच वेळ ते त्या एका ओळीकडे पाहत राहिले. आकडा ते पुनःपुन्हा तपासत असावेत, असे मुलाला वाटले.

"तिकडे," शेवटी त्यांनी सुनेला विचारले, "थंडी फार असते का गं?"