सातवे कलम

वर्लिन होल्मने विम्याचा कागद घडीच्या टेबलावर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर कॉफीचा मग आणि दुसऱ्यावर पक्कड ठेवली, आणि तळहाताने त्याच्या घड्या इतक्या निगुतीने मोडल्या, की जणू तो उद्या न्यायालयात सादर व्हायचा होता. बत्तीस वर्षे त्याने नेब्रास्कातल्या एका नोंदणी कचेरीत लोकांच्या जमिनींचे दस्त तपासले होते. निवृत्त झाल्यावर घर विकून तो बायको आर्डिससह या छत्तीस फुटी, आत घर थाटलेल्या गाडीत राहायला आला, त्याला अकरा वर्षे झाली. तरी ती सवय सुटली नव्हती. दर फेब्रुवारीत विम्याचे कागद आले, की तो ते पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत मोठ्याने वाची, जवळजवळ प्रत्येक कलमाशी भांडे, आणि अखेरीस गेल्या वर्षीचाच निर्णय घेई : कायद्याने लागेल तेवढा विमा, त्याहून अधिक काही नाही.

आर्डिस गाडीच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होती.

"सुरू कर," ती म्हणाली. "पण यंदा नुसतं वाचून उठायचं नाही. ठरवायचं."

"वाचल्याशिवाय ठरवत नसतात."

"अकरा वर्षं वाचतोयस की."

आर्डिसचा हट्ट कशामुळे होता, हे सांगण्याची गरज नव्हती. ते कारण समोर, तीस पावलांवर, पालो व्हर्देच्या झाडाखाली काळ्या आयताच्या रूपाने पडलेले होते. तीन आठवड्यांपूर्वी तिथे शेजारीण ग्लेनिसची गाडी उभी होती. फ्रीजच्या मागून धूर आला आणि कॉफी उकळावी इतक्या वेळात सगळे संपले. ग्लेनिस सपाता घालून, कुत्र्याला उचलून बाहेर उभी राहिली. पुढे विमा कंपनीचा एक तरुण आला. तो अतिशय सभ्य होता. त्याने विचारले, आपण राहता कुठे? ग्लेनिसने राखेकडे बोट केले. त्याने ते तसेच लिहून घेतले. आठ दिवसांनी पत्र आले : आपला विमा सहलीच्या वापराचा आहे, जी गाडी कायमचे घर म्हणून वापरली जाते, तिला तो लागू नाही. ग्लेनिस आता बहिणीच्या सोफ्यावर झोपत होती.

होल्म पतिपत्नींचा विमा त्याच जातीचा होता. दुसरा प्रकार कायम वास्तव्याचा; टेबलावर पसरलेला कागद त्याचाच होता. त्यात भांडीकुंडी, कपडे, गाडी जळाल्यास राहण्याचा खर्च, आणि पायरीवरून घसरून कुणी हाडे मोडून घेतल्यास त्याची जबाबदारी, हे सगळे येई. त्याचा हप्ता जवळजवळ दुप्पट होता. पण वर्लिनचा आक्षेप हप्त्याला नव्हता. त्याचा आक्षेप सातव्या कलमाला होता.

इतक्यात डॅलस पीक आपली खुर्ची काखेत मारून आला. वाळवंटातल्या या हिवाळी तळावर पाहुण्याने आपली खुर्ची आपणच आणावी, अशी रीत होती. डॅलस पिकअपच्या मागे बांधून ओढायच्या डब्यात राही, आणि तसल्या डब्याचा विमा काढाच असे कायदा म्हणत नसल्यामुळे त्याने तो कधी काढलाच नव्हता.

"कोर्ट भरलं का?"

"बस. मधे बोलायचं नाही."

"नऊ वर्षं विम्याशिवाय जगतोय मी. तुमच्या कंपनीला माझा नमस्कार सांगा."

"तुझ्या डब्यात जळण्यासारखं आहे काय?" आर्डिस म्हणाली. "दोन पाटलोणी आणि तो बँजो."

"बँजो जळाला तर तळावरची माणसं वर्गणी काढून मला पैसे देतील. नवा आणू नको म्हणून."

वर्लिनने घसा साफ केला. त्याने कागद उचलून हाताच्या अंतरावर धरला आणि मान किंचित उजवीकडे वळवली. अलीकडे तो माणसांकडेही असेच पाही. बोलणाऱ्याच्या खांद्यामागे दुसरेच कुणी उभे असावे आणि त्याचा मान राखावा, तसे. मग त्याने वाचायला सुरुवात केली. त्याचा आवाज स्वच्छ होता. स्वल्पविरामाला तो स्वल्पविरामाएवढाच थांबे.

पहिली तीन कलमे व्याख्यांची होती. तीही त्याने गाळली नाहीत. चौथ्याला त्याने कागद खाली घेतला.

"घरापासून पन्नास मैलांपलीकडे गाडी बंद पडल्यास निवासाचा खर्च मिळेल. आता हे ऐका. आपण घरापासून कधी एक इंचभर तरी लांब असतो का? गाडी जिथे बंद पडेल, तिथेच घर. म्हणजे हे कलम आपल्याला कधीच लागू व्हायचं नाही, पण त्याचे पैसे मात्र दरसाल घेणार."

"मुद्दा आहे," डॅलस म्हणाला.

"मुद्दा काय आहे? गाडी गॅरेजमध्ये गेली तर हा झोपणार कुठे? तुझ्याकडे?" आर्डिस सोलता सोलता म्हणाली.

"माझ्याकडे बँजो असतो."

पाचवे कलम सामानाच्या यादीचे, सहावे आगीचे. सहाव्याला वर्लिनने कागद खाली घेतला नाही. तिघांनीही झाडाकडे पाहायचे टाळले. मग त्याने आवाज थोडा चढवला. इथे आल्यावर तो दरवर्षी चढवी.

"कलम सात. गाडी सलग सहा महिन्यांहून अधिक काळ एकाच जागी उभी राहिल्यास, ती वाहन न मानता स्थावर निवास मानली जाईल, आणि अशा निवासास, कंपनीची पूर्वलेखी संमती नसल्यास, या विम्याचे कोणतेही संरक्षण मिळणार नाही."

आर्डिसच्या हातातली साल निम्म्यावर थांबली.

काल टपाल आणायला ती गावात गेली होती आणि टपाल कचेरीच्या ओट्यावर उभ्या उभ्या तिने तो कागद दोनदा वाचला होता. सातव्या कलमात सहा महिने नव्हते. ते कलम कंपनीने काढून टाकले होते. त्या जागी आता दुसरेच कलम होते. वर्लिन वाचत होता ते गेल्या वर्षीचे होते, त्याच्या आदल्या वर्षीचेही. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम.

लांबच्या पाट्या त्याला दिसत नाहीत, हे तिने हेमंतातच ओळखले होते. दक्षिणेला येताना तो तिला पाट्या मोठ्याने वाचायला लावी. सोबत होते, म्हणे. शब्दकोडी सोडवणे त्याने बंद केले; कोडी करणारे आळशी झाले, म्हणे, आणि ते तिने खरे मानले होते. पाट्यांचे लक्षात आल्यामुळेच जानेवारीपासून दर मंगळवारी आणि गुरुवारी ती शिवणाची पिशवी घेऊन गोधडीच्या वर्गाला जात होती. प्रत्यक्षात ती बाजाराच्या मागच्या मोकळ्या मैदानात जाई. तिथे शाळेची बस चालवून निवृत्त झालेली एक बाई नारिंगी शंकू मांडून, साठी उलटलेल्या आठ बायकांना मोठी गाडी शिकवी. आणि वर्लिन डॅलसबरोबर पाणी भरायला गेला, की आर्डिस आपल्याच गाडीच्या चालकाच्या सीटवर बसे, सीट चार खाचा पुढे घेई, आरसे पाही, आणि ते परत यायच्या आत सीट मोजून चार खाचा मागे सारी. हे सगळे लांबच्या पाट्यांसाठी होते. हातात धरलेला कागदही त्याला दिसत नाही, हे तिला आत्ता कळले.

तिने सुरी पुन्हा चालवली.

"सहा महिने?" डॅलस खुर्चीत पुढे सरकला. "ते तर काढलं म्हणे त्यांनी. परवा बाजारात ती विमेवाली बाई सांगत होती. बघू, दाखव."

त्याने हात पुढे केला. वर्लिनने कागद टेबलावर ठेवला, पण वरचा तळहात काढला नाही.

आर्डिस उठली आणि तिने बटाट्यांचे पातेले डॅलसच्या पुढे केलेल्या हातात दिले.

"हे धुऊन आण नळावरून. फुकट कॉफी ढोसायची आणि वर कायदा शिकवायचा."

"मी वकील नाही म्हणून ही वागणूक."

"दोनदा धू. वाळू राहते."

डॅलस पातेले घेऊन गेला. नळ तळाच्या दुसऱ्या टोकाला होता. आर्डिस पायरीवर न बसता टेबलाशी, डॅलसच्याच खुर्चीत बसली. कुणाच्या तरी सौरपट्ट्या वाऱ्याने खडखडत होत्या.

"सातवं बदललंय का?" वर्लिनने विचारले.

"का रे?"

"तुझी सुरी थांबली."

तिने कॉफीचा मग उचलून बाजूला ठेवला.

"बदललंय."

"सहा महिन्यांचं गेलं?"

"गेलं."

"म्हणजे माझा आक्षेप गेला."

"हो."

त्याने मान हलवली. अकरा वर्षे सांभाळलेला आक्षेप होता तो; तो इतक्या साधेपणाने जावा, याचे त्याला वाईट वाटले की बरे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखे नव्हते.

"नवीन वाच," तो म्हणाला.

तिने कागद घेतला आणि तो वाचतो तसाच, सावकाश वाचला. "कलम सात. मुख्य चालकाचे वय सत्तर वर्षांहून अधिक असल्यास, त्याने नेत्रवैद्याने दिलेला, तीन महिन्यांच्या आतील, दृष्टीचा दाखला सोबत जोडावा. असा दाखला न जोडल्यास, अथवा दाखल्यातील माहिती असत्य आढळल्यास, हा विमा आरंभापासूनच रद्द समजला जाईल."

वर्लिन चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. तो ऐकत राहिला. वाक्य संपल्यावरही थोडा वेळ ऐकत राहिला.

"मसुदा चांगला आहे," तो शेवटी म्हणाला. "पळवाट ठेवलेली नाही."

"पंधरा एप्रिलला तळ सोडायचाय, वर्लिन."

"मला माहीत आहे."

"नंतर इथे राहता येत नाही. आणि उकाडा."

"माहीत आहे, म्हटलं ना."

तिने पिशवीतून अर्ज काढला. तो तिने कालच टपाल कचेरीच्या ओट्यावर वरचा निम्मा भरला होता. उरलेला निम्मा तिने त्याच्यासमोर भरायला घेतला. पेन कागदावर चालल्याचा आवाज तो मान वळवून ऐकत होता.

"काय लिहिलंस?"

"मुख्य चालक. माझं नाव. मला सत्तरी यायचीय अजून."

"तू ही गाडी कधी चालवलेली नाहीस."

"गोधडी तरी मी कधी शिवली होती?"

वर्लिनने पक्कड उचलली, उघडली, मिटली, आणि पुन्हा होती त्याच कोपऱ्यावर ठेवली.

"कितपत आलीय गोधडी?"

"कोपरे जमतात आता," आर्डिस म्हणाली. "मागे घेताना अजून चुकतं."

"मागे घेताना सगळ्यांचंच चुकतं. शेपूट बाहेर फिरतं, ते लक्षात ठेवायचं." तो थांबला. "पुढचा रकाना?"

"इतर चालक."

"तिथे माझं घाल."

तिने पेन टेकवले.

"थांब," तो म्हणाला. "दाखला लागेल का इतर चालकाला?"

तिने कलम पुन्हा पाहिले. "नाही. मुख्यालाच म्हटलंय."

"म्हणजे चालेल."

"चालेल."

ग्लेनिसच्या झाडावर एक कावळा उतरला, इकडेतिकडे पाहून उडाला. वर्लिनने बोटाने टेबलाची कड शोधली आणि तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला. बत्तीस वर्षांत त्याने किती दस्त परत पाठवले असतील, याची गणती नव्हती. चालण्यासारखे होते, पण खरे नव्हते, एवढ्याच कारणावरून.

"कुणीही नाही, असं लिही," तो म्हणाला.

"घातलं तरी काही बिघडत नाही, वर्लिन."

"जे नाही ते दस्तात लिहायचं नसतं. कुणीही नाही."

तिने तसे लिहिले. मग त्याचे बोट धरून ते सहीच्या रेघेवर ठेवले. सही नेहमीसारखीच आली, सरळ आणि रेघेला न शिवता.

डॅलस पातेले घेऊन परतला तेव्हा अर्ज पाकिटात गेला होता.

"मग? निकाल काय?"

"काढतोय," वर्लिन म्हणाला. "कायम वास्तव्याचा."

"आणि ते सहा महिन्यांचं?"

"काढून टाकलंय त्यांनी. तुझं बरोबर होतं. मी चुकलो."

डॅलसने पातेले टेबलावर ठेवले आणि आर्डिसकडे पाहिले. हे वाक्य त्याने या माणसाच्या तोंडून आजवर ऐकलेले नव्हते. आर्डिस पातेले पायरीवर नेऊन बटाटे चिरू लागली होती. त्याने आपली खुर्ची मिटली आणि संध्याकाळी बँजो आणतो, एवढेच म्हणाला. कुणी नको म्हटले नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता वर्लिन इंजिन सुरू करून पाव तास चालू ठेवी. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीला तेवढे लागते. त्या रविवारीही दहाला तो उठला, किल्ली खुंटीवरून घेतली आणि दोन हात दोन्ही सीटांच्या पाठींवर टेकवत पुढे गेला. तिथे तो उजवीकडच्या, चालकाच्या शेजारच्या सीटवर बसला. तिच्यावर आर्डिसची उशी होती आणि नकाशांची पिशवी. उशी त्याने पाठीशी घेतली, पिशवी मांडीवर, आणि किल्ली डावीकडे धरली.

आर्डिसने हात पुसले. ती आली, किल्ली घेतली आणि चालकाच्या सीटवर बसली. मंगळवारनंतर ती इथे बसली नव्हती. तेव्हा तिने सीट मागे सारली होती, मोजून चार खाचा. याविषयी तिला शंका नव्हती. सवयीने तिचा हात खाली, सीटच्या दांड्याकडे गेला.

पण पाय आधीच ब्रेकवर पोहोचला होता.

तिने खाचा बोटाने चाचपून मोजल्या : सीट आधीच चार खाचा पुढे घेतलेली होती. मग दांडा सोडला. तिच्या शेजारी वर्लिन समोरच्या काचेतून बाहेर, आणि थोडे उजवीकडे, पाहत होता.

"आरसे," तो म्हणाला.

तिने आधी डावा पाहिला, मग उजवा.

"सुरू कर."